खाली वळलेले बाण

पथारीवर फरजानाचा हात म्हणजे शेवटचा शब्द होता. पथारी म्हणजे नंदुरबारच्या वेशीबाहेरचं मोकळं मैदान. हिवाळ्यात तिथं ओली लाल मिरची पसरायची, दोनतीनदा उलथायची, वाळली की देठं खुडायची आणि पोती शिवायची. मिरची नीट वाळली की नाही, हे ठरवण्याचे प्रत्येकाचे आपापले उपाय. कुणी कानाशी नेऊन खुळखुळवतो, कुणी उन्हाचे दिवस बोटांवर धरतो. फरजाना सरळ ढिगात कोपरापर्यंत हात घालायची, अगदी तळातली मूठभर मिरची दाबायची आणि म्हणायची, "बांधा." नाहीतर म्हणायची, "आखो एक ऊन." तिनं आणखी एक ऊन सांगितलं, की तिचा नवरा इद्रिसभाई गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी पोतं शिवू द्यायचे नाहीत.

हा हात तिनं माहेराहून आणलेला. बाप पिंजारी, गाद्या भरणारा. लहानपणी तिचे डोळे ओढणीनं बांधून तो तिच्या मुठीत कापूस द्यायचा आणि विचारायचा, नवा का जुना? गावातली बाकीची पोरं लंगडी खेळत तेव्हा ही थोराड, जाड अंगाची पोर बापापाशी बसून कापूस ओळखायची. धावता येत नव्हतं, म्हणून बसून जे येतं ते तिनं शिकून घेतलं. बाप म्हणायचा, "इना हातले डोया शेतस." पोरीच्या जाडीवर येताजाता बोलणाऱ्या त्या मोहल्ल्यात हाताला डोळे असल्याचं एवढं एकच वाक्य तिच्या कौतुकाचं होतं, आणि ते तिनं जन्मभर जपून ठेवलं.

जाडी मात्र वाढतच गेली. लग्न झालं, नमिरा झाली, आणि बाळंतपणानंतर अंग उतरायचं नावच घेईना. चाळिशीला पोचेपर्यंत वजन एकशे अठरा किलोवर गेलं. गुडघे गेले, शुगर आली, पाठोपाठ ब्लडप्रेशर आलं, आणि झोपेत श्वास असा अडकायचा की इद्रिसभाई तिला हलवून जागं करायचे. रिक्षावाले म्हणायचे, "भाभी, मधोमध बठा." ते काही वाईट हेतूनं म्हणत नसत, एका बाजूला बसली की रिक्षा खरंच कलायची. पण त्या तीन शब्दांपायी फरजानानं बाजारात जाणं सोडलं. घर आणि पथारी, एवढंच तिचं जग उरलं.

त्या सगळ्या वर्षांत घरात रिपोर्टांची एक फाईल जाडजूड होत गेली. रक्त तपासायचं, पाकीट आणायचं आणि गावातल्या जुन्या डॉक्टरांपुढे ठेवायचं. ते डॉक्टर वयस्कर, पेशंट फार आणि वेळ थोडा. त्यांनी इद्रिसभाईंना एकदा सोपं करून सांगितलं होतं की आकड्याच्या शेजारी वर तोंड केलेला बाण दिसला, की समजा धोका. हे बाण खाली आले, की तुमची बायको सुटली. शुगरला वर बाण, चरबीला वर बाण, युरिक ॲसिडलाही वर बाण. इद्रिसभाई सातवीपर्यंत शिकलेले, इंग्रजी अक्षरं जुळवून वाचणारे. त्यांनी तो धडा असा पाठ केला, की पुढं पाकीट फोडल्यावर ते आकड्यांकडे बघतच नसत, फक्त बाण शोधत.

तीन वर्षांपूर्वी सुरतेला फरजानाचं ऑपरेशन झालं. तिथल्या डॉक्टरांनी पोटाची अंड्याएवढी पिशवी ठेवली आणि आतड्याचा वरचा तुकडा वगळून ती खाली जोडून दिली. निघताना आहार सांगणाऱ्या बाईनं दोघांना समोर बसवून गुजरातीत समजावलं. आधी डाळ, अंडं, मांस, दही, आणि भाकरी-भात शेवटी. ताकदीच्या गोळ्या जन्मभर. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. गुजराती बोलण्यात इद्रिसभाईंचा जन्म गेलेला, त्यामुळे कळलं नाही असं म्हणायला जागाच नव्हती. त्यांना सगळं कळलं होतं. कळणं आणि वळणं यात केवढं अंतर असतं, हे ज्याच्या घरात आजार आहे त्याला सांगायला नको.

सहा महिन्यांनी शुगरच्या गोळ्या जुन्या डॉक्टरांनीच, नुसती बोटाच्या थेंबावर शुगर बघून, बंद केल्या, वर्षभरात ब्लडप्रेशरच्याही. त्या दिवशी फरजाना रडली. बारा वर्षांच्या गोळ्या सुटल्या होत्या. उरल्या ताकदीच्या. त्या मात्र कुणी बंद केल्या नाहीत, फरजानानं आपण होऊनच सोडल्या. आपल्याकडे ताकदीची गोळी कशाला देतात? अंग भरायला. हडकलेल्या पोराला, बाळंतिणीला. इतक्या हालांनी उतरवलेलं अंग गोळी खाऊन पुन्हा भरायचं, म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं, असं तिला वाटलं. तिनं डबा कपाटात वर सारला. इद्रिसभाईंनी बघितलं आणि त्यांनाही ते पटलं.

खाण्याचंही तेच. मटणाचा तुकडा तिच्या घशाखाली अडकायचा, अंड्यानं मळमळायचं. चहात बुडवलेला टोस्ट मात्र अलगद उतरायचा. मग सकाळी चहा-टोस्ट, दुपारी पातळ खिचडी, संध्याकाळी पुन्हा चहा. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात जो रस्सा उरायचा, त्यातला चमचाभर तिचा. घरातल्या बाईनं तुकडे दुसऱ्यांच्या ताटात घालायचे आणि आपण रस्सा प्यायचा, ही रीत तिला कुणी शिकवली नव्हती, ती आईला बघून आपोआप आली होती. एवढ्याशा पोटात काय जातंय हे बघणारं कुणी नव्हतं, कारण तिचं अंग रोज हलकं होत होतं आणि सगळं गाव तेवढंच बघत होतं.

नमिराच्या लग्नात तर विसरवाडीहून आलेल्या विहीणबाई म्हणाल्या, "नवरी कोन शे, तुम्ही का तुम्हनी पोर?" फरजाना अडुसष्ट किलोवर आली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तयार शिवलेला ड्रेस दुकानातून घेतला होता. केस मुठीमुठीनं गळत होते, ते तिनं ओढणीखाली झाकले. चेहरा पांढुरका पडला होता. त्यावर बायका म्हणाल्या, रंग उजळला. असं कौतुक कानावर पडत असताना आपल्याला काहीतरी होतंय, असं कुठली बाई म्हणेल?

आणि रक्त ती तपासत होती बरं का! यात कसूर नाही. दर सहा महिन्यांनी लॅबमध्ये जायची, सुरतेच्या कागदावर लिहिलेल्या सगळ्या तपासण्या करायची. इद्रिसभाई पाकीट घेऊन घरी यायचे, ओसरीवर बसून उघडायचे. शुगरला बाण नाही. चरबीला बाण नाही. आणि खाली, नव्या नव्या नावांपुढे, बाण होते तेवढे सगळे खाली तोंड केलेले. बी-ट्वेल्व्हला खाली. फेरिटिनला खाली. व्हिटॅमिन डीला खाली. अल्ब्युमिनला खाली.

"देख, फरजाना, हाऊ बी खाले, हाऊ बी खाले," ते बोट फिरवत म्हणायचे. ज्या माणसानं बारा वर्षं वर चढलेले बाण बघत बायकोसाठी दुवा मागितली, त्याला खालचे बाण बघून काय वाटलं असेल! पहिल्या वेळी त्यांनी जिलेबी आणली होती. फरजानानं एक कडं चाखलं, बाकीची पथारीवर वाटली.

हिमोग्लोबिनपाशी ते जरा थबकले. रक्त कमी होणं चांगलं नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण मग त्यांनी स्वतःच उत्तर काढलं. "टाकी न्हानी व्हयनी, मंग पानी बी कमीच ऱ्हाई." अंग अर्धं झालं, रक्तही अर्धं झालं. तिलाही ते अगदी रास्त वाटलं. लॅबवाल्यानं डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितलं, पण तो ते सगळ्यांनाच सांगतो. सुरतेला जायचं, तर मिरचीचा हंगाम तोंडावर. जुने डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे निघून गेलेले. शिवाय चांगला रिपोर्ट दाखवायला कोण जातं?

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पावलांना मुंग्या येऊ लागल्या. "नमिराना अब्बा, पायसले मुंग्या येतस," ती एकदा म्हणाली. ते म्हणाले, "इतलं वजन उतरनं, पाय हलका व्हयनात. सवय व्हई." मग मुंग्या बोटांत आल्या. नमाजाआधी वजू करताना चेहऱ्यावर पाणी मारायला डोळे मिटले, की तोल जायचा. ती एका हातानं नळ धरायला लागली. थकवा असेल, असं तिनं ठरवलं आणि कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या हंगामात एक नवल झालं. मिरची खुडणाऱ्या बायांचे हात दिवसभर जळतात. संध्याकाळी त्या बोटांना तेल लावतात, कुणी ताकात बुडवून बसतात, आणि तरी लेकराला घास भरवायची सोय नसते. फरजानाचे हात मात्र जळेनासे झाले. बिया बोटांवर चोळल्या तरी काही नाही. बाया हेवा करायला लागल्या. फरजानाही खूश झाली.

खूश झाली नाही ती एकटी दिवलीबाई. नवापूरच्या डोंगराकडची ही बाई पंधरा वर्षं हंगामाला पथारीवर यायची, फरजानाच्या समोर बसून खुडायची, आणि फार बोलायची नाही. त्या दिवशी ती बोलली.

"भाभी, तुन्हा हात जयत नहीत का?"

"नही वं. आते पक्का व्हई गयात."

दिवलीबाईनं खुडणं थांबवलं. "मन्हा मामाना हात बी असाच व्हई गयथात. चुल्हामाईन निखारा उचले, नि त्याले समजे नही. हाई चांगलं नही, भाभी. डाक्टरले दखाड."

तिच्या मामाचा रोग कुठला होता, ते फरजानाला न सांगता कळलं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. उचलली जीभ लावली टाळ्याला! महारोगाशी माझं नाव जोडते! "मन्हा बठ्ठा रिपोर्ट खाले शेतस," ती म्हणाली. "तुले काय समजस त्यामा?" दिवलीबाई खाली बघून पुन्हा देठं खुडू लागली. पुढं महिनाभर तिनं फरजानाशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. सबंध गावात खरं बोललेलं माणूस तेवढं एकच होतं, आणि फरजानानं त्याचंच तोंड बंद केलं.

जानेवारीत नवापूरच्या अकीलला मिरचीची गाडी गेली. अकील जुना गिऱ्हाईक, भरवशाचा. पोती शिवायच्या दिवशी फरजानानं रोजच्यासारखा ढिगात हात घातला, तळातली मूठ दाबली. हाताला काही सांगावंसं वाटलं नाही. ओलं नाही, कोरडं नाही, काहीच नाही. तिनं पुन्हा दाबली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. वीस वर्षांत ती कधी अडखळली नव्हती. ऊन चांगलं पडलं होतं, दिवसही भरले होते. "बांधा," ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी अकीलचा फोन आला. इद्रिसभाईंनी ओसरीवर घेतला, आवाज मोठा ठेवलेला. "इद्रिसभाई, पोतं फोडं नि माले ठसकाच उना नही. नुसता कुबट वास. आतमा बठ्ठी काई बुरशी." जरा थांबून त्यानं विचारलं, "माल कोनी देखा व्हता?"

"फरजानानी," इद्रिसभाई म्हणाले.

अकीलनं नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दारात उभ्या फरजानानं स्वतःचे दोन्ही हात समोर धरून बघितले. हात तसेच होते, मिरचीनं तांबूस झालेले, नखं कापलेली. तेव्हा तिला बापाचं वाक्य आठवलं, आणि आपल्या हातांचे डोळे गेले, हे तिला कुणी न सांगता समजलं. ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि ढसाढसा रडली. इद्रिसभाईंना वाटलं, मालासाठी रडते आहे.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन डॉक्टर दिपालींकडे गेली. गावात नव्यानंच दवाखाना टाकलेली, पस्तिशीची बाई. इद्रिसभाईंनी रिपोर्टांची फाईल टेबलावर ठेवली, ती थोडी अभिमानानंच. "बठ्ठं टायमावर करेल शे, मॅडम. एक बी चुकाडं नही."

डॉक्टरांनी पाच रिपोर्ट काढून एकाशेजारी एक मांडले. मग पेन घेऊन एकाच ओळीतले आकडे गोल केले.

"दर सहा महिन्यांनी नियमानं तपासलंत," त्या म्हणाल्या. "हे फार थोडे पेशंट करतात. मग कुणाला दाखवलं का नाही?"

"बान खाले व्हतात," इद्रिसभाई म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कागद त्यांच्याकडे वळवला आणि आकड्यांच्या शेजारच्या रकान्यावर पेन ठेवलं. "इथं दोन आकडे दिलेत, बघा. कमीत कमी इतकं हवं आणि जास्तीत जास्त इतकं. बाण वर म्हणजे या हद्दीच्या वर, बाण खाली म्हणजे हद्दीच्या खाली. शुगर वर गेली तर वाईट. पण हे जे आहे, बी-ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियमसाठीचं डी, हे अन्नातून येणारं बळ आहे. ते खाली गेलं तर वाईट. आतड्याचा जो भाग वगळलाय ना, तिथंच यातलं बरंच शोषलं जातं. म्हणून गोळ्या जन्मभर. शरीरात बी-ट्वेल्व्हचा दोनतीन वर्षांचा साठा असतो. तो उतरत गेला, तो हा असा. पहिल्या रिपोर्टात थोडासाच कमी होता. तेव्हा गोळीवर भागलं असतं."

तेव्हा, म्हणजे जिलेबी आणली त्या दिवशी. इद्रिसभाईंनी कागदावरची तारीख वाचली आणि चष्मा काढून हातात धरला.

मग डॉक्टरांनी फरजानाला डोळे मिटायला सांगितलं. "टोचलं की सांगा, ताई."

फरजाना डोळे मिटून वाट बघत बसली. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी खोकलं. तिला वाटलं, डॉक्टर सुई शोधत असतील. शेवटी तीच म्हणाली, "टोचा ना, मॅडम."

तिनं डोळे उघडले तेव्हा तिच्या बोटांच्या टोकांवर रक्ताचे चार बारीक ठिपके होते, आणि इद्रिसभाई भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"इंजेक्शनं आजच सुरू करू," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त भरून येईल, थकवा जाईल, तोलही बराचसा सुधारेल. नसांचं मात्र मी आत्ता सांगत नाही. त्या किती दिवस उपाशी राहिल्या, त्यावर ते आहे. बोटांतलं कळणं सहा महिन्यांत परत आलं तर आलं."

बैल गेला आणि झोपा केला, तसं त्या दिवसापासून घरात सुरू झालं. लोहाची सलाईन लागली, इंजेक्शनं झाली, गोळ्यांचा डबा कपाटातून खाली आला. इद्रिसभाई स्वतः अंडी उकडायचे, डाळ घट्ट शिजवायला लावायचे, कोंबडीचे बोटाएवढे मऊ तुकडे तिच्या ताटलीत सगळ्यांच्या आधी वाढायचे आणि ती चावून गिळेपर्यंत समोर बसून राहायचे. चहा-टोस्ट बंद. एकदा ताटलीकडे बघत म्हणाले, "रिपोर्ट मी वाचं, फरजाना. मी वाचीसन तुले बरबाद करं." तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांचा हात गरम आहे की गार, ते तिला कळलं नाही, आणि हे त्यांना सांगायचं तिनं टाळलं.

दिवाळीनंतर पथारी पुन्हा लाल झाली. हंगामाच्या तोंडावरच नवा रिपोर्ट आला. या वेळी इद्रिसभाईंनी पाकीट फोडलं नाही, तसंच डॉक्टरांकडे नेलं, आणि परत येऊन सरळ पथारीवर फरजानाच्या मांडीवर कागद ठेवला. "एक बी बान नही," ते म्हणाले. "ना वर, ना खाले. मॅडमनी सांगं." त्यांचे डोळे भरले होते. खरंच, फरजानाच्या चेहऱ्यावर रक्त चढलं होतं, केस गळायचे थांबले होते, वजूला नळ धरावा लागत नव्हता. कागदावर ती पूर्ण बरी झाली होती. ती नवऱ्याकडे बघून हसली, कारण त्या माणसाला त्या हसण्याची गरज होती.

ते गेल्यावर तिनं कागद घडी करून ओढणीच्या गाठीत बांधला. एक मिरची फोडली, बिया बोटांच्या टोकांवर चोळल्या आणि वाट बघत बसली. वसंतापासून ती हे रोज करत होती. समोर दिवलीबाई खुडता खुडता हात झटकत होती.

"जयस का?" फरजानानं विचारलं.

"जयस ना, भाभी. भलतं जयस."

फरजाना तिच्या त्या फुगलेल्या लाल बोटांकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिनं कुणाच्या दागिन्यांकडेही असं बघितलं नव्हतं. तिच्या बोटांवर बिया तशाच चिकटून होत्या आणि बोटं गप्प होती.

दुपारी पहिला ढीग बांधायला काढला. माणसं सुया-सुतळी घेऊन उभी राहिली आणि सवयीनं फरजानाकडे बघू लागली. फरजाना उठली, ढिगापाशी गेली, बाही वर सारली. मग तशीच बाजूला झाली.

"दिवली, तू देख."

दिवलीबाईला आधी कळलंच नाही. मग तिनं लुगड्याला हात पुसले, खाली वाकली आणि ढिगात कोपरापर्यंत हात घातला. तळातली मूठ दाबली. तिनं मान वर केली, पण फरजानाच्या डोळ्यांत बघितलं नाही.

"आखो एक ऊन, भाभी," ती हळूच म्हणाली.

"आखो एक ऊन," फरजानानं मोठ्यानं सांगितलं, आणि माणसं मिरची पुन्हा पसरायला लागली.